सॅच्युरेशन ९७, श्वास आठ: नर्सिंग सिम्युलेशनचे एक प्रकरण

हे प्रकरण खरे आहे. रुग्ण, विद्यार्थिनी, वॉर्ड आणि संस्था ओळखता येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मी या बॅचची ट्यूटर होते आणि यातल्या काही चुका माझ्या आहेत. त्या इथे सविस्तर मांडल्या आहेत, कारण स्किल लॅब चालवणाऱ्यांना त्यांचाच उपयोग जास्त होईल असे मला वाटते.

पार्श्वभूमी

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची बॅच सर्जिकल वॉर्डात ड्युटी करत होती. पोटाचे ऑपरेशन झालेला एक रुग्ण दुपारी वॉर्डात आला. वेदनेसाठी मॉर्फिन चालू होते, नाकाला ऑक्सिजनची नळी होती, बोटाला पल्स ऑक्सिमीटर होते. दर तासाला व्हायटल्स घेण्याचे काम आमच्या एका विद्यार्थिनीकडे होते. तिने ते वेळच्या वेळी केले. चार्ट सुवाच्य होता. नाडी, बीपी, तापमान, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण) ९७, मग ९६, मग पुन्हा ९७. श्वसनाच्या रकान्यात १८, १८, १८.

चौथ्या तासाला वॉर्डच्या सिस्टर शेजारच्या रुग्णाचे सलाईन बदलायला आल्या. जाता जाता त्यांनी या रुग्णाला हाक मारली, तर त्याने डोळे उघडले नाहीत. त्यांनी चादर खाली केली, छातीवर हात ठेवला आणि घड्याळ पाहिले. मिनिटाला आठ श्वास. पुढचे सगळे झपाट्याने झाले. हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा केला, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लावली, भूलतज्ज्ञ आले, त्यांच्या सांगण्यावरून मॉर्फिनचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन दिले गेले. रुग्ण शुद्धीवर आला आणि नंतर बरा होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थिनीला बाजूला घेऊन विचारले, ‘‘श्वास कसे मोजलेस?’’ ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मॅडम, मोजले नाहीत. सगळेच अठरा लिहितात.’’

त्या वॉर्डातले जुने चार्ट मी त्याच दुपारी चाळले. ती खोटे बोलत नव्हती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचे लक्षात येणार नाही. मॉर्फिनसारख्या औषधाने श्वास मंद होतात, तेव्हा आधी कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. रुग्णाला वरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास कमी झाले तरी रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकतो. पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन दाखवतो, श्वास किती हे त्याला कळत नाही. त्यामुळे सॅच्युरेशन ९७ दिसत असतानाही रुग्ण गुंगीत बुडत असू शकतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या, रुग्ण बिघडतोय हे ओळखण्याच्या पूर्वसूचना तक्त्यात श्वास मिनिटाला ८ किंवा त्याहून कमी असतील तर त्या एकाच नोंदीला ३ गुण आहेत, म्हणजे तेवढ्यावरच तातडीने तपासणी व्हायला हवी. आमच्या विद्यार्थिनींना हे तोंडपाठ होते. परीक्षेत त्यांनी ते लिहिलेही होते.

अडचण

या घटनेनंतर आम्ही हाच प्रसंग स्किल लॅबमध्ये उभा करायचे, म्हणजे त्याचे सिम्युलेशन करायचे ठरवले. आमच्याकडे संगणकावर चालणारे मॅनिकिन, म्हणजे रुग्णाचा पुतळा, होते. त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते, स्पीकरमधून आवाज येतो, शेजारी मॉनिटर असतो. एवढे साधन हाताशी असताना प्रसंग चांगला होणारच, असे मी धरून चालले.

प्रसंग मी एकटीने लिहिला आणि त्यात जे सुचेल ते घातले. जखमेच्या ड्रेसिंगवर रक्त, सतत प्रश्न विचारणारा नातेवाईक, फोनवर चिडलेले डॉक्टर, मधूनच वाजणारा सलाईन पंपाचा अलार्म. वॉर्डात असेच असते, असे त्यामागचे कारण होते. विद्यार्थिनींना दोन मिनिटे सूचना दिल्या आणि दार उघडले.

मुख्य नर्सची भूमिका ज्या विद्यार्थिनीकडे आली, ती वॉर्डातल्या घटनेतली नव्हती, पण तिची जवळची मैत्रीण होती. ती आत गेली, रुग्णाला नमस्कार केला, मॉनिटर पाहिला आणि पंपाचा अलार्म बंद करायला वळली. तेवढ्यात नातेवाईक बोलू लागला. मी काचेपलीकडच्या खोलीतून श्वास १६ वरून १२ आणि मग ८ वर आणले. तिने ऑक्सिमीटरचा बोटाला लावलेला प्रोब काढून दुसऱ्या बोटाला लावला. मी सॅच्युरेशन खाली आणले. तिने प्रोब पुन्हा बदलला. मी आणखी खाली आणले. शेवटी हृदय थांबले, मॉनिटरवर सरळ रेघ आली आणि स्पीकरचा आवाज बंद झाला. मॅनिकिन ‘मेले’.

नंतर मी तिथेच, पलंगाशेजारी उभी राहून, सगळ्यांसमोर दहा मिनिटे बोलले. माझे पहिले वाक्य होते, ‘‘श्वास का मोजले नाहीत?’’

ती म्हणाली, ‘‘मॅडम, तो श्वास घेतोय की नाही तेच कळत नव्हतं.’’ मी ते सबब म्हणून ऐकले. दुसऱ्या दिवशी ती लॅबला आली नाही, बरे नाही असा निरोप आला. तिसऱ्या दिवशी पुढच्या गटातल्या मुली दाराबाहेर एकमेकींना विचारत होत्या, ‘‘आज कोणाच्या हातून मरणार?’’

त्या संध्याकाळी मी रेकॉर्डिंग पाहिले. दोनदा पाहिल्यावर ते दिसले. प्रसंग सुरू झाल्यावर लगेचच तिचा उजवा हात मॅनिकिनच्या छातीकडे गेला होता. तळवा गाऊनवर टेकला, क्षणभर तिथे राहिला आणि मागे आला. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. मग मी लॅबमध्ये जाऊन स्वतः हात ठेवून पाहिला. गाऊन आणि चादर यांखाली छातीची हालचाल जेमतेम लागत होती, आणि आतल्या कॉम्प्रेसरची थरथर मात्र सतत जाणवत होती. म्हणजे बरोबर जागी हात ठेवणारी विद्यार्थिनी मॉनिटरकडे वळली, याला आमची मांडणी कारणीभूत होती. शिवाय मॉनिटरवर श्वसनाचा आकडा आयता होता. जे आम्हाला शिकवायचे होते ते करण्याची गरजच तिथे उरली नव्हती.

समोरचे पर्याय

विभागाची बैठक झाली. सिम्युलेशन सोडून पुन्हा प्रात्यक्षिकाकडे जावे, असे एका सहकारी बाईंचे मत होते. ट्यूटरने करून दाखवायचे, विद्यार्थिनीने तसेच करायचे. हाताची कौशल्ये त्याने बसतात, यात शंका नाही. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेसाठी बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांच्याकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली गेली, तेव्हापासून उचलणे, वळवणे, पट्टी बांधणे असेच शिकवले जात आले आहे. पण आमच्या विद्यार्थिनींना श्वास मोजता येत होते. बिघडतेय हे ओळखणे आणि ओळखल्यावर आवाज देणे अडत होते. प्रात्यक्षिकात ‘आता श्वास मोजा’ हे ट्यूटरच सांगते, तिथे ओळखण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रसंगाला गुण द्यावेत, म्हणजे मुली गांभीर्याने घेतील, असेही सुचवले गेले. मी याला ठाम विरोध केला आणि आजही करीन. आधीच घाबरलेल्या गटाला गुणांची धास्ती लावली असती तर त्या रुग्णाऐवजी तपासनिसाकडे बघत बसल्या असत्या.

प्राचार्यांचा विचार वेगळा होता. वॉर्डात विद्यार्थिनींना पुरेशी संधी मिळत नाही, मग वॉर्डाचे काही तास कमी करून लॅबचे वाढवावेत का? त्यांनी अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या अभ्यासाचा दाखला दिला. १० शिक्षणक्रमांतल्या विद्यार्थ्यांमध्ये क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले तरी शेवटच्या ज्ञानात आणि क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. दाखला बरोबर होता. मात्र त्या शिक्षणक्रमांत प्रसंग प्रमाणित होते आणि शिक्षकांना सिम्युलेशन चालवण्याचे व डीब्रीफिंगचे, म्हणजे प्रसंगानंतरच्या चर्चेचे, रीतसर प्रशिक्षण दिले होते. आमच्याकडे मी होते, दहा मिनिटे उभ्याने बोलणारी. तास वाढवले असते तर तेच जास्त वेळ झाले असते. हे मी बैठकीत असेच सांगितले आणि प्राचार्यांनी ते ऐकून घेतले.

तेच मॅनिकिन नीट बसवून प्रसंग सुधारून पाहावा, असाही विचार होता. पण आम्ही शेवटी वेगळ्याच वाटेने गेलो. रुग्ण म्हणून जिवंत माणूस झोपवायचा. अमेरिकेतल्या डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तयार केलेल्या रुग्णाची ही पद्धत सुरू केली, आणि संवाद शिकवण्यासाठी ती सर्रास वापरतात. श्वास मोजायला शिकवण्यासाठी ती वापरावी, हे आम्हाला त्या चादरीखालच्या थरथरीने सुचवले.

काय केले

सगळ्यात आधी मी त्या विद्यार्थिनीला भेटले. रेकॉर्डिंगमधला तिचा छातीकडे जाणारा हात तिला दाखवला. ‘‘तू बरोबर जागी हात ठेवला होतास. तिथे काही लागणार नाही अशी व्यवस्था आमची होती. आणि मी सगळ्यांसमोर जे बोलले ते चुकलं.’’ ती रडली नाही, तिने फक्त क्लिप पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर तिने विचारले, ‘‘मग मी हात का काढला?’’ या प्रश्नावर आम्ही अर्धा तास बोललो. तिचे उत्तर असे निघाले की मॉनिटरवर आकडा असताना आपल्या हाताला वेगळे काही वाटले, तर चूक हाताचीच असणार असे तिने धरले होते.

नवा प्रसंग लिहिताना उद्दिष्ट एकच ठेवले: पूर्ण मिनिट श्वास मोजणे, गुंगी ओळखणे आणि मोठ्याने मदत मागणे. रक्त, नातेवाईक, अलार्म, सगळे काढले. मॉनिटरही काढला. बोटाला साधा ऑक्सिमीटर, तो रुग्णाचे खरे सॅच्युरेशन दाखवेल, म्हणजे ९७ किंवा ९८. आम्हाला तेच हवे होते.

रुग्णाच्या भूमिकेसाठी इंटर्नशिप करणारा एक विद्यार्थी स्वतःहून तयार झाला. मिनिटाला आठ श्वास म्हणजे दर साडेसात सेकंदांना एक. ऐकायला सोपे वाटते, पण पहिल्या दिवशी तो दोन मिनिटांत धापा टाकू लागला. आठवडाभर सराव केल्यावर जमले. उशीखाली ठेवलेला फोन ठरावीक वेळाने हलका थरथरायचा, त्यावर तो श्वास घ्यायचा. त्याला अस्वस्थ वाटले तर डावा हात उचलायचा आणि प्रसंग तिथेच थांबवायचा, हा नियम लिहून दाराला लावला. त्याच्या अंगाला एकही सुई लागणार नव्हती. सलाईनची नळी हाताला फक्त चिकटपट्टीने लावली होती.

डोळ्यांतल्या बाहुल्यांचा प्रश्न होता. मॉर्फिनने त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ते नाटकात आणता येत नाही. म्हणून विद्यार्थिनीने टॉर्च डोळ्यावर धरला तरच तिच्या हातात चिठ्ठी द्यायची असे ठरवले. अँबू बॅग जिवंत माणसावर चालवायची नव्हतीच. मदत मागितली गेली की ‘थांबा’ म्हणायचे, आणि शेजारच्या पलंगावरच्या मॅनिकिनवर पुढचे करायचे: हनुवटी उचलणे, बॅगने दर सहा सेकंदांना एक श्वास देणे, फोनवर डॉक्टरांना माहिती देणे. या जोडणीने प्रसंग मधेच तुटतो, हे आम्हाला मान्य होते.

फोनवरच्या माहितीसाठी चार पायऱ्यांची रीत वापरली: आत्ता काय होतेय, मागचे काय, मला काय वाटते, तुमच्याकडून काय हवे. ही रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. तिसऱ्या पायरीवर जवळजवळ प्रत्येक विद्यार्थिनी अडखळली. ‘मला वाटतं रुग्णाला मॉर्फिन जास्त झालंय’ हे वाक्य विद्यार्थिनीने डॉक्टरांना म्हणायचे असते, हेच त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते.

सुरुवातीच्या सूचनांना पंधरा मिनिटे दिली. लॅबमधली प्रत्येक वस्तू हाताळायला दिली, काय खरे आणि काय मानायचे ते सांगितले. गुण नाहीत, रेकॉर्डिंग गटाबाहेर जाणार नाही आणि सत्र संपल्यावर पुसले जाईल, रुग्ण या प्रसंगात मरणार नाही, हेही स्पष्ट सांगितले.

डीब्रीफिंग वेगळ्या खोलीत, गोल बसून, प्रसंगाच्या दुप्पट वेळ. यासाठी मी एका अनुभवी सहकाऱ्याकडून शिकले. जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली पद्धत आम्ही धरली. आधी आपण काय पाहिले ते सांगायचे, त्यावर आपल्याला काय वाटले तेही उघड सांगायचे, आणि मग समोरच्याच्या मनात काय चालले होते ते खरोखर जाणून घेण्यासाठी विचारायचे. ‘श्वास का मोजले नाहीत?’ याच्या जागी, ‘‘तू मोजायला सुरुवात केलीस आणि मधे थांबलीस असं मला दिसलं. मला काळजी वाटली, कारण पुढे तो जास्त गुंगीत गेला. तेव्हा तुझ्या मनात काय होतं?’’ असे विचारायचे. सोपे वाटते. मला उत्तराची वाट पाहत गप्प बसायला शिकायलाच तीन सत्रे लागली.

एक अवघड क्षण

दुसऱ्या गटातल्या विद्यार्थिनीने पंधरा सेकंद मोजून चारने गुणले. तिने मोजायला सुरुवात केली तेव्हाच एक श्वास आला, मग दुसरा, आणि पंधरा सेकंद संपता संपता तिसरा. तीन चोक बारा. बारा म्हणजे तक्त्यात पूर्ण सामान्य. तिने समाधानाने १२ लिहिले आणि पुढच्या पलंगाकडे वळली.

काचेपलीकडे आम्ही दोघी होतो. सहकारी म्हणाल्या, थांबवू या, चूक पक्की व्हायला नको. मला वाटत होते की चालू द्यावे. आम्ही दोन मिनिटे चालू द्यायचे ठरवले आणि रुग्णाला ठरलेली खूण दिली. तो आता हाकेला उत्तर देईना, फक्त खांदा हलवल्यावर कण्हू लागला. गटातली दुसरी विद्यार्थिनी चार्टकडे बघत म्हणाली, ‘‘बारा कसे? मी परत मोजते.’’ तिने पूर्ण मिनिट मोजले. आठ आले. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग पहिलीनेच ओरडून मदत मागितली.

डीब्रीफिंगमध्ये मी फळ्यावर साडेसात सेकंदांच्या अंतराने खुणा काढल्या आणि पंधरा सेकंदांची पट्टी त्यांवर सरकवून दाखवली. कधी दोन खुणा येतात, कधी टोकाशी तीन. प्रत्यक्ष रुग्णाचे श्वास एवढे नियमित नसतात, तेव्हा एकही येऊ शकते. एकच रुग्ण, चार, आठ किंवा बारा. पूर्ण मिनिट का, हे मी इतकी वर्षे शिकवत होते, पण एवढे स्पष्ट करून कधी दाखवले नव्हते. प्रसंग थांबवला असता तर दुसरीने परत मोजण्याचा क्षण गेला असता. तरीही दोन मिनिटांत कोणाच्याच लक्षात आले नसते तर थांबवणेच योग्य ठरले असते, असे मला वाटते.

काय झाले

लॅबला न आलेली ती विद्यार्थिनी पहिल्या सत्रात निरीक्षक म्हणून बसली. दुसऱ्या सत्रात तिने मुख्य नर्सची भूमिका मागून घेतली. तिने चादर कमरेपर्यंत खाली केली, तळवा बरगड्यांखाली ठेवला, दुसऱ्या हाताचे घड्याळ डोळ्यांसमोर धरले. ओठ हलत होते. मिनिट संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग, ‘‘काका, डोळे उघडा. काका!’’ आणि लगेच दाराकडे तोंड करून, ‘‘मदत हवी आहे, बेड तीन!’’ आवाज बाहेरच्या मार्गिकेपर्यंत गेला.

वॉर्डातल्या चार्टवर फरक दिसला. श्वसनाच्या रकान्यात १४, १७, २२, १९ असे वेगवेगळे आकडे येऊ लागले. रुग्णांना त्याचा किती फायदा झाला हे आम्ही मोजले नाही, म्हणून त्याबद्दल काही म्हणणार नाही. काही आठवड्यांनी, ज्या दिवशी वॉर्ड भरलेला होता त्या दिवशीच्या चार्टवर पुन्हा १८ ची रांग दिसली.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची होती. एका विद्यार्थिनीने श्वास १० आल्यावर वॉर्डच्या सिस्टरना बोलावले. त्या म्हणाल्या, ‘‘सॅच्युरेशन चांगलं आहे ना? मग एवढ्यासाठी कशाला बोलावलंस?’’ मुलीने हे आम्हाला सांगितले ते दोन दिवसांनी, आणि तेही मी विचारल्यावर. लॅबमध्ये हाक मारली की मदत येते. वॉर्डात काय येते याची तयारी आम्ही कोणाचीच करून घेतली नव्हती. पुढच्या सत्रांना आम्ही वॉर्डच्या सिस्टरना बोलावले. दोघी आल्या. त्यातली एक स्वतः रुग्ण म्हणून झोपली आणि बोटाचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत असताना आपल्या श्वासाकडे कोणी बघत नाही, हे तिने पडल्या पडल्या पाहिले. त्यानंतर डीब्रीफिंगमध्ये मला फारसे बोलावे लागले नाही.

पुन्हा करायचे झाले तर

वॉर्डच्या सिस्टर पहिल्या बैठकीपासून सोबत असतील. हे मी सगळ्यात वर ठेवते.

प्रसंग विद्यार्थिनींसमोर आणण्याआधी ट्यूटरने स्वतः आत जाऊन नर्सच्या जागी उभे राहून पाहावे. पाच मिनिटे लागतात. मी ती दिली असती तर चादरीखालची थरथर मला आधीच कळली असती. मॅनिकिनचा मृत्यू मी यापुढे फक्त अशाच प्रसंगात ठेवीन जिथे मृत्यूला सामोरे जाणे हेच शिकायचे आहे, आणि ते आधी सांगून.

नॅलॉक्सोननंतरचा तास प्रसंगात घ्यायला हवा होता. त्याचा परिणाम मॉर्फिनपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. आमचा प्रसंग रुग्णाने डोळे उघडताच संपत होता, म्हणजे अर्धवट.

लॅबमधल्या सलाईनच्या पिशव्यांवर आणि कुप्यांवर ‘केवळ प्रशिक्षणासाठी’ अशी ठळक चिठ्ठी लावायचे आम्ही मधेच सुरू केले. ते पहिल्या दिवसापासून हवे. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत प्रशिक्षणासाठी बनवलेले, निर्जंतुक नसलेले सलाईन चुकून खऱ्या रुग्णांना दिले गेले आणि ते आजारी पडले. लॅब आणि वॉर्ड यांच्यात सामानाची ने-आण जिथे होते तिथे हे कुठेही होऊ शकते.

नव्या बॅचचा पहिला तास आता मॅनिकिनशिवाय होतो. जोड्या करून बसवतो. एकीने दुसरीचे मनगट धरायचे, नाडी मोजतेय असे दाखवायचे आणि मोजायचे मात्र श्वास, पूर्ण मिनिट, कारण श्वास मोजला जातोय हे कळले की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो. मिनिट संपल्यावर प्रत्येकीने आपला आकडा फळ्यावर लिहायचा. गेल्या वेळी त्या फळ्यावर १८ फक्त दोनदा आला होता.